आजारी मी, दुखणं तिचं

आमच्या कंपनीत दर सहा महिन्यांनी सगळ्यांची तपासणी होते. मानपाड्याच्या बाजूला केमिकलची जी युनिटं आहेत, त्यांतल्या एकात मी शिफ्ट इन्चार्ज आहे. रक्त देणं, नळीत फुंकर मारणं, भिंतीवरची अक्षरं वाचणं हे मी इतक्या वेळा केलंय की सुई टोचत असताना शेजारच्या ऑपरेटरशी गळक्या व्हॉल्व्हबद्दल बोलत असतो. त्या वेळीही बोलत होतो. चौथ्या दिवशी कंपनीच्या डॉक्टरांनी खोलीत बोलावलं आणि दार लावून घ्यायला सांगितलं.

"एसजीपीटी तिपटीच्या वर गेलंय," ते म्हणाले. "लिव्हरला काहीतरी होतंय. दारू घेता?"

"नाही."

"कसल्या गोळ्या? काढे, चूर्ण?"

"काही नाही."

"भूक कमी झालीय? थकवा? मळमळ?"

"साहेब, मला काहीच होत नाहीये. आत्ताच दोनदा वरच्या मजल्यावर चढून आलो."

ते हसले नाहीत. रिपोर्टवर बोट ठेवून म्हणाले, "तुम्हाला होत नाहीये, पण हे होतंय. आकडे खाली येईपर्यंत प्लांटमध्ये पाऊल टाकायचं नाही. सॉल्व्हंटच्या वासातसुद्धा उभं राहायचं नाही. भरपगारी रजा मिळेल. दर पंधरा दिवसांनी रक्त द्यायचं."

माझ्या फॉर्मवर त्यांनी 'अनफिट' असं लिहिलं आणि सही केली. मी लॉकरमधले बूट काढले, डबा घेतला, आणि साडेअकराला गेटबाहेर आलो. डबा तसाच भरलेला होता. पहिल्या शिफ्टचा माणूस त्या वेळी कधी बाहेर पडत नाही, त्यामुळे वॉचमनने विचारलं, "काय साहेब, बरं नाही का?" मी म्हटलं, "बरं आहे रे." त्याला ते पटलेलं दिसलं नाही.

आम्ही कोपरला राहतो, तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. घरात मी, बायको आणि माझी आई. मुलगी लग्न होऊन बाळकुमला गेलीय, तिथल्या एका टॉवरमध्ये सतराव्या मजल्यावर. बायको जवळच्याच खाजगी शाळेत दुसरीच्या वर्गाला शिकवते. सकाळी सातला जाते, एकपर्यंत येते. नेमणूक वर्षावर आहे, दर उन्हाळ्याच्या सुट्टीत नवीन पत्र येतं किंवा येत नाही.

दार आईने उघडलं. "एवढ्यात कसा आलास?"

मी सांगितलं. सांगताना 'लिव्हर' हा शब्द वापरला, तिथे चुकलं. आईने मला खिडकीपाशी नेलं, माझी खालची पापणी अंगठ्याने ओढली आणि डोळा पाहिला.

"पिवळा नाहीये," ती म्हणाली.

"आई, कावीळ नाहीये मला."

"सुरुवातीला कळत नाही."

दुपारपर्यंत हॉलमधल्या दिवाणावर नवीन चादर आली. माझं ताट वेगळं झालं, पेला वेगळा झाला. तेल बंद, हळद बंद. आई कोकणातली, तिने गावाकडे फोन करून कोणाकडून तरी भुईआवळ्याची मुळं मागवली आणि ती येईपर्यंत उसाचा रस सुरू केला. मुलगी संध्याकाळी बाळकुमहून धावत आली, माझ्या पायाशी बसून रडली आणि तेव्हापासून दर दोन तासांनी फोन करायला लागली. शेजारचे येऊन गेले. वरच्या मजल्यावरच्या काकूंनी दारातूनच विचारलं. सोसायटीचे सेक्रेटरी म्हणाले, "मीटिंगला नाही आलात तरी चालेल हं, तुमची सही घरी येऊन घेतो." ते प्रेमाने म्हणाले की अंतर ठेवायला म्हणाले, हे मला अजून कळलेलं नाही.

मला काहीही होत नव्हतं. भूक कडाडून लागत होती. पण उकडलेला दुधी खाऊन मी दिवाणावर पडून होतो. तिसऱ्या दिवशी मी खाली जरा पाय मोकळे करून येतो म्हटलं, तर आईने चपला उचलून आपल्या खोलीत नेल्या.

"आजारी माणूस नाक्यावर उभा दिसला तर लोक काय म्हणतील?"

मी हसलो. पण त्याच दुपारी कंपनीतल्या मित्राचा फोन आला. तोही तेच म्हणाला. "यार, मार्केटमध्ये वगैरे फिरू नकोस. परवा एकजण विचारत होता, खरंच आजारी आहे का म्हणून. कोणी फोटोबिटो काढला तर एचआरवाले डोकं खातील."

म्हणजे मी आजारी दिसायलाही हवा होतो. दाढी केली की आई म्हणायची, आज बरं वाटतंय वाटतं, आणि मग पुन्हा काळजीने पाहायची, जणू बरं वाटणं हीच वाईट खूण. मी दाढी करणं सोडलं. आमच्या हॉलच्या खिडकीला ग्रिल आहे आणि समोर हातभर अंतरावर दुसऱ्या बिल्डिंगची मागची भिंत, पाइप आणि कोणाकोणाचे एसी. त्या भिंतीकडे पाहत मी दिवस काढत होतो. दहाबारा दिवसांनी मला उजव्या बरगडीखाली दुखायला लागलं. आधी जरासं, मग सतत. मी तिथे हात ठेवूनच बसायचो. सोनोग्राफी केली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, काही नाही, सगळं स्वच्छ आहे. घरी येताना रिक्षात माझ्या लक्षात आलं की दुखणं गेलंय. मला स्वतःचीच लाज वाटली, पण घरी कोणाला सांगितलं नाही.

दिवसभर घरी असल्याने मी बायकोला पहिल्यांदा नीट पाहिलं, असं म्हटलं तर ते खोटं नाही. एरवी माझ्या शिफ्ट बदलत्या. ती घरी असते तेव्हा मी झोपलेलो किंवा कामावर. आता दिवाणावरून स्वयंपाकघराचा ओटा सरळ दिसायचा. सकाळी पाचला ती उठायची आणि ओट्याला दोन्ही हात टेकवून तशीच उभी राहायची, दोन-तीन मिनिटं. मला वाटलं देवाचं काही म्हणत असेल. नंतर कळलं, बोटं उघडण्याची वाट पाहत असायची. बरणीचं झाकण ती फडक्यात धरून, बरणी पोटाशी दाबून, सगळ्या अंगाने फिरवायची. चहाचा कप दोन्ही हातांनी धरायची. कणीक मळताना मधे थांबायची, मनगट झटकायची, पुन्हा मळायची. माझं पथ्याचं वेगळं, आईचं वेगळं, तिचा डबा वेगळा. सात वाजता शाळेत. एक वाजता परत आली की साडी न बदलता मोरीतल्या स्टुलावर बसून राहायची, कारण आत गेलेल्या माणसाला कोणी हाक मारत नाही.

हे नवीन नव्हतं. तीन वर्षांपासून ती सांगत होती. अंग दुखतं, खांदे, मान, मांड्या, बोटं, सगळंच. झोपून उठलं तरी झोपल्यासारखं वाटत नाही. आम्ही काही दुर्लक्ष केलं नव्हतं. संधिवाताच्या तपासण्या झाल्या, थायरॉइड झाला, व्हिटॅमिनं झाली, पाठीचा एक्स-रे झाला. सगळं नॉर्मल. शेवटचा रिपोर्ट आला त्या दिवशी मी येताना पेढे आणले होते. खरंच आनंद झाला होता मला.

"काही नाहीये तुला," मी म्हणालो होतो.

ती रिपोर्ट हातात घेऊन बराच वेळ वाचत राहिली. मग म्हणाली, "मग हे दुखतं ते काय आहे?"

मी म्हटलं, टेन्शन घेऊ नकोस, सकाळी चालायला जात जा. आई म्हणाली, आमच्या वेळी विहिरीवरून पाणी आणायचो. त्यानंतर बायकोने तो विषय घरात काढला नाही. मला वाटलं, दुखायचं थांबलं.

माझ्या रजेच्या पाचव्या आठवड्यात ती शाळेतून आली आणि चप्पल न काढता दाराशी बसली.

"काय झालं?"

"मोठ्या बाईंना आठ दिवसांची रजा मागितली. हात वर करून फळ्यावर लिहिताच येत नाहीये. त्या म्हणाल्या, सर्टिफिकेट आणा."

"मग आणू की."

"कशाचं आणणार?" तिने माझ्याकडे पाहिलं. "माझे सगळे रिपोर्ट नॉर्मल आहेत ना?"

आतून आईने विचारलं, त्याचा उसाचा रस आणला का. बायको उठली आणि पुन्हा खाली रसवाल्याकडे गेली. तिसऱ्या मजल्यावरून. मी, ज्याला काही होत नव्हतं, दिवाणावर बसून तिच्या पायांचा आवाज ऐकत राहिलो. मी जातो म्हणून उठलो असतो तर आईने आकांत केला असता, हे खरं आहे. पण मी उठून पाहिलं नाही, हेही खरं आहे.

संध्याकाळी आम्ही दोघं आमच्या जुन्या डॉक्टरांकडे गेलो. मुलीच्या जन्माआधीपासून तेच आमचे डॉक्टर. आईला सांगितलं की मला दाखवायला चाललोय, तेव्हाच चपला मिळाल्या. डॉक्टरांनी दोघांच्या फायली टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या. माझी जाडजूड झाली होती, पाच आठवड्यांत.

"आधी हिचं बघा," मी म्हणालो. "हिला सर्टिफिकेट हवंय."

त्यांनी तिला तपासलं, जुने कागद चाळले आणि चष्मा काढून ठेवला.

"वहिनी, यात काही सापडत नाही हो."

"मला माहितेय सापडत नाही," ती म्हणाली. "पण दुखतं."

"दुखत नाही असं मी म्हणत नाहीये." त्यांनी तिची फाइल मिटली. "आपण हे सगळं एकच समजतो, पण तसं नसतं. रोग वेगळा, दुखणं वेगळं आणि आजारपण वेगळं. रोग आम्ही शोधतो, सुईने, मशीनने. दुखणं ज्याचं त्याला कळतं, बाहेरून कोणाला दिसत नाही. आणि आजारपण चार लोकांनी मान्य करावं लागतं. घरच्यांनी, ऑफिसने. ते मान्य झालं की माणसाला झोपायला मिळतं." मग माझ्याकडे हात केला. "यांना रोग आहे, निदान कागदावर तरी. दुखणं अजिबात नाही. आणि आजारपण बघा किती, दाढी वाढवून बसलेत. तुमच्याकडे नुसतंच दुखणं आहे."

"मग मला आजारपण कोण देणार?" तिने विचारलं.

ती हे चिडून म्हणाली नाही. शाळेत एखाद्या मुलाने प्रश्न विचारावा तसं विचारलं. डॉक्टरांनी लेटरहेड पुढे ओढलं.

"मी असं करतो, व्हायरल फीवर लिहितो. आठ दिवस. कोणी विचारत नाही त्यात."

"मला ताप नाहीये."

"वहिनी, ही नुसती पद्धत आहे."

"मला जे आहे ते लिहा."

"त्याला मी काय नाव देऊ?"

"मग राहू दे." तिने पर्स उचलली. मी तिचा हात धरला, आणि तिने तो झटकन मागे घेतला. मला वाटलं रागाने. पण बोटं दाबली गेली होती. तिच्या डोळ्यांत पाणी आलं ते त्याचं होतं. डॉक्टरांनीही ते पाहिलं. त्यांनी लेटरहेड बाजूला ठेवून ठाण्यातल्या एका सांध्यांच्या तज्ज्ञांच्या नावे चिठ्ठी लिहिली. म्हणाले, मी आधीच पाठवायला हवं होतं, माझी चूक झाली.

मुलगी गाडी घेऊन आली आणि आम्हाला ठाण्याला घेऊन गेली. त्या तज्ज्ञ बाई वयाने लहान होत्या. त्यांनी नवीन तपासणी सांगितली नाही. बायकोला बरंच काही विचारलं, झोप कशी, सकाळी कसं वाटतं, कामं काय काय. मग मान, खांदे, कोपर, गुडघे असं एकेका ठिकाणी अंगठ्याने दाबत गेल्या. मी दाबलं असतं त्याहूनही हलकं, आणि प्रत्येक ठिकाणी ती कळवळत होती. मी खुर्चीत बसून पाहत होतो. माझी मान आपोआप खाली गेली.

"याला नाव आहे," बाई म्हणाल्या. "फायब्रोमायल्जिया. रक्तात दिसत नाही, एक्स-रेत दिसत नाही. पण हे खरं दुखणं आहे, तुमच्या मनाचे खेळ नाहीत. पूर्ण जाईल असं मी सांगणार नाही. गोळी देते, झोप सुधारेल. हळूहळू व्यायाम. आणि विश्रांती, पण ती तुम्हाला कोण देतं ते तुम्ही बघा."

मुलीने आईच्या खांद्यावर हात टाकला. मला वाटलं आता बायको रडेल, किंवा सुटल्यासारखी हसेल. तिने यातलं काहीच केलं नाही. बाहेर आल्यावर मी तिची पर्स घेतली, फाइल घेतली, पाण्याची बाटली घेतली.

"आता घेताय," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"तीन वर्षं हेच सांगत होते मी. एक शब्द कमी नाही, एक जास्त नाही. त्यांनी इंग्लिशमध्ये म्हटल्यावर तुम्ही पर्स घेतलीत."

"अगं, मला माहीत असतं तर..."

"माहीत होतं तुम्हाला. विश्वास नव्हता."

मुलीने गाडी सुरू केली. ती आम्हाला बाळकुमला घेऊन गेली. तिच्या घरी चहा झाला. सतराव्या मजल्यावरच्या बाल्कनीतून खाडी दिसते. बायको तिथे एकटी उभी होती, मी तिच्याजवळ गेलो नाही.

तिला नाव मिळालं, कागद मिळाला, म्हणजे आता रजा मिळेल असं मी धरून चाललो होतो. दुसऱ्या दिवशी ती तो कागद घेऊन शाळेत गेली आणि तसाच परत घेऊन आली.

"दिला नाहीस?"

"देणार होते. आधी तोंडी विचारलं. म्हटलं, असं असं एखाद्या बाईंना असेल तर. त्यांनी विचारलं, किती दिवसांत बरं होतं? मी म्हटलं, बरं होत नाही, सांभाळावं लागतं. त्या म्हणाल्या, मग रजा देऊन उपयोग काय? आणि पुढच्या वर्षी वर्ग कोणाच्या भरवशावर द्यायचा?"

आठ दिवस मागायचे तर ताप हवा. आणि खरं सांगायचं तर नोकरीच जायची. तिने कागद कपाटात साड्यांच्या खाली ठेवला आणि दुसऱ्या दिवशी सातला शाळेत गेली.

घरात मात्र मी थोडंफार केलं. दिवाण सोडला. आईला सांगितलं, पथ्याचं मी माझं करीन, कणीक मी मळीन. आई दुखावली. "आजारी मुलगा कणीक मळतोय आणि धडधाकट सून बसलीय, हे बघायचं राहिलं होतं," असं ती मुलीला फोनवर म्हणाली, मला ऐकू येईल असं.

"आई, ती धडधाकट नाहीये."

"काय झालंय तिला? रिपोर्टमध्ये काय आलंय?"

"काही आलेलं नाही. दुखतं तिला."

"दुखतं सगळ्यांनाच," आई म्हणाली, आणि साडी वर करून आपला सुजलेला गुडघा दाखवला. तो गुडघाही मी किती दिवसांनी पाहत होतो. तिलाही कधी कोणी दिवाणावर झोपवलं नव्हतं. मला तिच्याशी भांडता आलं नाही. मी तिच्या गुडघ्याला तेल लावून दिलं आणि मग भाजी चिरायला घेतली.

दहाव्या आठवड्यात माझे आकडे आपोआप खाली आले. का वाढले होते आणि का उतरले, कोणीच सांगू शकलं नाही. आई म्हणते भुईआवळ्याने. कंपनीच्या डॉक्टरांनी 'फिट' लिहिलं. सगळ्यांनी हात मिळवले, ऑपरेटरांनी केक आणला, आणि प्रत्येकजण म्हणाला की चेहऱ्यावर तेज आलंय. मी गेलो तेव्हा होतो तसाच परत आलो होतो. त्यांच्या टाळ्या ऐकताना मला ओट्याला टेकवलेले दोन हात दिसत होते. मी केक कापला आणि खाल्ला.

बायकोने पुढे शाळेत फक्त एक खुर्ची मागितली. कारण सांगितलं नाही, पाय दुखतात एवढंच म्हणाली. खुर्ची मिळाली. ती बसून शिकवायला लागली. फळ्यावर मुलांनाच लिहायला लावायची, त्यात मुलं खूश होती. महिन्याभराने दोन पालकांनी तक्रार केली की बाई बसून शिकवतात, लक्ष नसतं. मोठ्या बाईंनी बोलावून समजुतीने सांगितलं, एरवी बसा, पण पालक येतील त्या दिवशी तरी उभ्या राहा.

मागच्या शनिवारी पालकसभा होती. मला सुट्टी होती, म्हणून तिला आणायला गेलो. तीन तास ती वर्गाच्या दाराशी उभी राहून एकेका आईशी, एकेका वडिलांशी बोलत होती. व्हरांड्यातून मला तिचा हसरा चेहरा दिसत होता आणि चौकटीवर टेकवलेला खांदा. सगळे गेल्यावर ती बाहेर आली आणि जिन्याच्या खालच्या पायरीवर बसली.

"पाच मिनिटं थांबा," ती म्हणाली.

मी तिच्या शेजारी बसलो. रिक्षा बोलावू का विचारलं, तर तिने मानेनेच नाही म्हटलं. तेवढ्यात एक बाई मुलीचा हात धरून वरून उतरत आल्या. आम्हाला पाहून थांबल्या.

"काय हो बाई, इथे का बसलात? बरं वाटत नाहीये का?"

मी तिच्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता तरी सांगेल.

"छे छे, बरी आहे मी," ती म्हणाली. "यांचीच वाट बघत होते." आणि कठड्याला धरून उठून उभी राहिली.